उपासकाळातला बर्फ

यंदा राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या फ्रिजने बर्फ धरायला सुरुवात केली. हा नव्या तऱ्हेचा फ्रिज म्हणे आपला बर्फ आपणच वितळवतो, त्याला सांगावं लागत नाही. पण त्याने हात वर केले. वरच्या कप्प्याच्या मागच्या भिंतीवर आधी नुसती भुरभुर, मग पापुद्रा, मग चांगला बोटभर थर. खाली दूध नासू लागलं, कोथिंबीर मान टाकू लागली. सूनबाईचा जीव मेटाकुटीला आलेला आणि मी मात्र उठता-बसता दार उघडून बघतेय. "आई, सारखं उघडू नका ना, अजून बर्फ होईल," ती म्हणाली. तिचं अगदी बरोबर होतं. पण माझ्या अंगात जो उत्साह संचारला होता तो तिला कसा समजावून सांगायचा?

मेकॅनिक आला तो थेट ईस्टरच्या आधीच्या सोमवारी. आतली मागची पट्टी काढून त्याने मीटर लावला आणि डॉक्टरसारखा चेहरा केला. "आंटी, डिफ्रॉस्टचा हीटर उडालाय. सेन्सर पण बघावा लागेल. पार्ट मागवतो, पण सुट्ट्या आल्या ना, आता ईस्टर झाल्यावरच." तोवर काय करायचं, सुनेने विचारलं. "एक दिवस बंद ठेवा, दार उघडं टाका. बर्फ गळून जाईल. मग थोडे दिवस चालेल."

"शुक्रवारी बंद करते," मी म्हटलं.

"आजच करा की!"

"नाही. शुक्रवारीच."

सून माझ्याकडे बघत राहिली. म्हातारीचं काहीतरी चाललंय, असं तिला वाटलं असणार. चाललंच होतं. मी वसई पूर्वेच्या या उंच इमारतीत नव्हतेच मुळी. मी भुईगावला आमच्या पडवीत गुडघे टेकून बसले होते आणि काकी माझ्या शेजारी होती.

एकोणीसशे पन्नासनंतरची पहिली काही वर्षं ती. गावात वीज आली नव्हती. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, वाडीत केळी, पानवेली आणि मोगरा, आणि आमच्या पडवीत फ्रिज! हे ऐकून आता लोक हसतात. पण तो फ्रिज रॉकेलवर चालायचा. तळाशी पत्र्याची टाकी, तिच्यावर वात, वातीला निळी ज्योत आणि त्या ज्योतीच्या धगीने वरच्या कप्प्यात बर्फ. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. वर्गातल्या मुलांनी विचारलं, "बाई, आगीनं बर्फ कसा होतो?" मी म्हटलं, "होतो." त्यापुढचं मलाही ठाऊक नव्हतं.

फ्रिज धाडला होता इनासकाकांनी. बाबांचे धाकटे भाऊ, काकीचे यजमान. बोटीवर इंजिनखोलीत कामाला, वर्षानुवर्षं समुद्रावर. कुठल्याशा बंदरात कोणा साहेबाचा वापरलेला फ्रिज त्यांना मिळाला आणि तो त्यांनी ओळखीच्या बोटीवर चढवून दिला. मुंबईच्या गोदीतून तो स्टेशनापर्यंत आणि तिथून बैलगाडीत उभा राहून भुईगावच्या अरुंद वाटांनी आला. वळणावर दोन्ही बाजूंच्या कुंपणांना घासला, तेव्हा गाडीमागून चालणारा अर्धा गाव एकदम ओरडला. सोबत एक माहितीपुस्तिकाही होती, पण ती कोणत्या भाषेत आहे हेच कोणाला कळेना. फादरांना दाखवली. त्यांनी उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "लॅटिन नाही, एवढं नक्की."

पहिला बर्फ झाला त्या सकाळी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकीने पत्र्याची तबकडी बाहेर काढली, उलटी करून तिच्यावर पाणी ओतलं आणि टणटण करत चौकोनी खडे परातीत पडले. कोणी जिभेला लावला, कोणी कपाळाला, एकाने कानात घालून पाहिला. शेजारची पोरं रुमालात खडा बांधून आईला दाखवायला धावत सुटायची आणि घरी पोचायची ती ओला रुमाल घेऊन. मग आई मुलाचं बोट धरून स्वतःच यायची. काकी सगळ्यांना वाटायची. तिच्या तोंडावर जे तेज असे ते लग्नातल्या नवरीच्या तोंडावरसुद्धा मी क्वचित पाहिलं आहे.

पण काकीचा जीव बर्फापेक्षा खालच्या ज्योतीत होता. फ्रिजच्या मागे, अगदी खाली, एक छोटा आरसा बसवलेला होता. न वाकता ज्योत दिसावी म्हणून. काकी येता-जाता त्या आरशात डोकावायची. निळी आहे ना? पिवळी तर पडली नाही? सांजेला आम्ही तेर्स, म्हणजे रोझरीची माळ, म्हणायला बसायचो तेव्हा तिचा पाट फ्रिजजवळ. काकांचं पत्र महिनोन् महिने येत नसे. आलं तरी त्यावरची तारीख शिळी झालेली असे. समुद्रातल्या माणसाची खुशाली कळायला दुसरी वाट नव्हती. काकीने तिच्यापुरती एक वाट काढली. ही बत्ती पेटलेली आहे तोवर तो माणूस सुखरूप आहे, असं तिने मनाशी धरून टाकलं. तिने हे आम्हाला कधी समजावून सांगितलं नाही. पण वात कापायची झाली की आधी त्या ज्योतीवर मेणबत्ती लावायची, झटक्यात वात कापायची आणि त्याच मेणबत्तीने पुन्हा पेटवायची. तेवढा वेळ श्वास रोखून धरायची. ते पाहिलं की न सांगता सगळं कळायचं.

आमच्या घरची बोली मी इथे जशीच्या तशी लिहिली तर वाचणाऱ्यांची दमछाक होईल, म्हणून थोडी सोपी करून लिहिते आहे. काकीचा आवाज मात्र सोपा करता येत नाही. तो वाऱ्यावर रहाट कुरकुरावा तसा होता, आणि मला फार आवडायचा.

त्या वर्षी उपासकाळ सुरू होण्याआधी काकांचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. "पास्काच्या सणाला, ईस्टरला, घरी पोचतो. बोटीवरचं पाणी पिऊन तोंडाची चव गेली आहे. माझ्या घरात बसून, माझ्या फ्रिजमधलं गार शहाळ्याचं पाणी प्यायचं आहे." काकीने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग पदराने फ्रिजचं दार पुसलं. ते स्वच्छच होतं.

आणि मग आम्ही जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. उपासकाळात आमच्याकडे प्रत्येकजण आवडीची एक वस्तू सोडतो. कोणी मटण सोडतं, कोणी तंबाखू. काकी म्हणाली, "मी बर्फ सोडते." तिने सोडला म्हटल्यावर आईने सोडला, आईने सोडला म्हणून मला सोडावा लागला. बाबांना बर्फाने दात शिवशिवायचे, त्यामुळे त्यांनी सर्वांत आनंदाने सोडला. बर्फाच्या कप्प्याची झडप बंद झाली ती झालीच. येशूने अरण्यात उपास केला त्या दिवसांत आपण बर्फाकडे नुसतं बघायचंही नाही, असं ठरलं. खाली मात्र वाडीतला माल राहत होता. विड्याच्या पानांच्या कवळ्या, मोगऱ्याच्या कळ्या, भाजीच्या जुड्या.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, देवळातून आणलेल्या झावळीचा क्रूस दारावर खोचून झाल्यावर, काकी म्हणाली, "आता बघू तरी, यंत्र काय म्हनते. हे घरी यायला झाले." तिने फ्रिज उघडला आणि झडपेला हात घातला. झडप हलेना. मी वाकून पाहिलं. झडप दिसतच नव्हती. तिच्या जागी पांढरं, फुगीर, गुळगुळीत काहीतरी होतं, आणि ते खालच्या कप्प्यापर्यंत उतरलं होतं. एवढा बर्फ! आणि गंमत म्हणजे एवढ्या बर्फाच्या खाली ठेवलेली शहाळी कोमट होती.

मग आमच्या घरात जी धांदल उडाली ती काय वर्णावी! रोज एक नवा उपाय. बाबांनी सांगितलं, फ्रिज कलला आहे. पडवीला अंगणाकडे उतार असतोच, पावसाचं पाणी निघून जायला. बाबांनी फ्रिजच्या डोक्यावर पाण्याने भरलेली थाळी ठेवली, वाडीतले पाट काढताना बघतात तसं एक डोळा मिटून पाहिलं, आणि पुढच्या पायांखाली कौलांचे तुकडे सारले. फ्रिज अगदी सरळ उभा राहिला. गार मात्र झाला नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि काकीने धुराड्यातली काजळी काढली. आमच्या दोघींची तोंडं काळी झाली आणि आई हसून हसून बेजार झाली. फ्रिज तसाच. तिसऱ्या दिवशी बाबा नारळ सोलायची पहार घेऊन आले. "दोन टोले देतो, सगळा बर्फ खाली!" काकी दोन्ही हात पसरून फ्रिजपुढे उभी राहिली. "भावजी, पैला टोला माझ्यावर मारा." बाबा पहार घेऊन परत गेले.

मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती, भीतीने नव्हे, नवलाने! शाळेत फळ्यावर हिशेब लिहिता लिहिता मी मनात फ्रिज उलगडत असायची. आणि एका दुपारी वर्गातच मला सुचलं. गारवा जिथे जन्मतो ती जागाच बर्फाने झाकून गेली आहे. तिने बर्फाची गोधडी पांघरली आहे! आतला गारवा आतच राहतो, बाहेर शहाळ्यापर्यंत येत नाही. मग बर्फ काढायला हवा, आणि पहार न लावता काढायचा तर तो वितळायला हवा. बाहेर चैत्राचं ऊन एवढं रणरणतंय. दार उघडं टाकलं की झालं. फक्त खालची ज्योत बंद करायची.

घरी धावत गेले आणि एका दमात सांगून टाकलं. काकी ऐकत होती, माना डोलवत होती. ज्योतीचं नाव निघालं आणि तिचा चेहरा उतरला.

"ते सोडून दुसरा काय ते सांग, लुसी."

"दुसरं काही नाही, काकी. एक दिवस तर विझवायची."

"बोट मधी पान्यात असल. मी इकडे बत्ती इझवू?"

आई म्हणाली, त्याच ज्योतीवर कंदील लावून ठेव. काकीने मान हलवली. "कंदील बाजारातला हाय. ही यांनी धाडलेली हाय." तिला हसणं सोपं होतं, पण तिच्याकडे बघितल्यावर कोणाला हसू आलं नसतं. त्या माणसाने घरी येऊन गार पाणी मागावं आणि आपण कोमट पुढे करावं, हेही तिला सहन होणार नव्हतं. दोन्हीकडून ती अडकली होती. त्या सांजेला तेर्स म्हणताना मधेच तिचा आवाज थांबायचा आणि मी मोठ्याने म्हणत राहायची.

पवित्र गुरुवार आला. देवळात मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपल्यावर फादरांनी वेदीवरची वस्त्रं उतरवली. फुलं काढली, मेणबत्त्या काढल्या. परमप्रसादाची पेटी रिकामी करून तिचं दार उघडं ठेवलं आणि तिच्यासमोरचा, बारा महिने जळणारा तांबडा दिवाही विझवला. दरवर्षीच हे होतं. मी लहानपणापासून पाहत आले होते आणि काकी तर माझ्याही आधीपासून. पण त्या दिवशी ती त्या काळ्या पडलेल्या दिव्याकडे एकटक बघत राहिली. घराच्या पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाली, "देवाच्या घरची बत्ती इझते. माझी काय मोठी लागून गेली?"

गुड फ्रायडेच्या सकाळी ती फ्रिजपुढे गुडघ्यांवर बसली. कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली. फुंकर घातली नाही. वात हळूहळू खाली घेत गेली. मी आरशात बघत होते. ज्योत बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि आरसा नुसता आरसा राहिला. काकीने माझा हात धरला होता, तो चांगलाच दुखायला लागला. मग तीच उठली आणि फ्रिजचं दार सताड उघडलं.

मी कधी कोणत्या समारंभाला इतक्या उत्सुकतेने बसले नाही, जितक्या त्या बर्फासमोर बसले. आधी काहीच होईना. मग एक थेंब. मग थेंबांची रांग. मग कडकड असा आवाज आला आणि पहिला तुकडा धप्पकन परातीत पडला. मी टाळ्या पिटल्या. आईने डोळे मोठे केले, कारण गुड फ्रायडेला देवळातली घंटासुद्धा मुकी असते, लाकडी फळी वाजवून लोकांना बोलावतात, आणि मी टाळ्या पिटत होते. तेवढ्यात काकीने तो तुकडा उचलून उजेडात धरला. "अगो, ह्यात बघ काय हाय!"

बर्फात मोगऱ्याची कळी होती. पूर्ण, पांढरी, कालच खुडल्यासारखी. दुसरा तुकडा पडला, त्यात विड्याचं अख्खं पान, शिरान् शीर दिसत होती. पुढच्यात कढीलिंबाची डहाळी. त्याच्या आत, खूप खोल, केशरी झेंडूची पाकळी. झेंडू तर आमच्याकडे नाताळात होता! अख्ख्या हंगामाची वाडी त्या बर्फात थरावर थर निजली होती. आणि काकी एकदम कपाळाला हात लावून खाली बसली. "हे पानी आपलाच हाय, लुसी. आपनच शिंपडला."

खरंच होतं! वसईचा माल मुंबईला जातो तो पाणी शिंपडून, ओल्या फडक्यात नाहीतर केळीच्या पानात गुंडाळून. न शिंपडलेला माल कोमेजतो, हे आमच्या हाडामांसात मुरलेलं. म्हणून आम्ही फ्रिजमध्येही सकाळ-संध्याकाळ, भक्तिभावाने, पाणी शिंपडत होतो. कवळ्यांवर, कळ्यांवर, भाजीवर. गार हवेत ठेवलेल्या मालाला आम्ही आणखी पाणी पाजत होतो आणि ते सगळं पाणी वर चढून बर्फ होत होतं, कप्प्याला टेकलेली पानंफुलं पोटात घेत. त्यात उपास म्हणून कोणी झडपेला हातही लावला नाही. काकीला हसू फुटलं. गुड फ्रायडेला, पदर तोंडात कोंबून, ती गदगदा हसत होती आणि हसता हसता आरशाकडे बघून पुन्हा गप्प होत होती.

दुपारी आम्ही सगळे येशूच्या दुःखसहनाच्या प्रवचनाला देवळात गेलो. फ्रिज उघडा, घरही उघडं. तेव्हा कुलूप लावायची रीत नव्हती. परतलो तेव्हा पडवीत पाण्याचं तळं असणार म्हणून मी पुढे धावले. पडवी कोरडी होती. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून एक माणूस गोणपाटाने शेवटचं पाणी अंगणात लोटत होता. काळाभोर झालेला, केस पिकलेला. त्याने वर पाहिलं आणि बर्फाचा तुकडा पुढे करून विचारलं, "ह्यात पान कोनी गोठवला?"

इनासकाका! बोट दोन दिवस आधी लागली होती. मी किंचाळले, बाबांनी त्यांना मिठी मारली, आई रडायलाच लागली. काकी मात्र उंबऱ्यात थांबली. तिने आधी आरशात पाहिलं. काळा होता. मग काकांकडे पाहिलं. पुन्हा आरशात पाहिलं.

"इझलेली हाय," ती म्हणाली. "आजच इझवली. आनि तुमी आले." मग तिचा आवाज फुटला. "मग एवढे दिस मी कोनासाठी जागत होती?"

काकांनी गोणपाट खाली ठेवलं. त्यांना ते कसं कळलं कोण जाणे, कारण आमच्यापैकी कोणीच काही सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "आग्नेस, इंजिनखोलीत भट्टीपुढं उभा राहिलो का मला वाटायचा, तिकडं पडवीत माझी एक बत्ती हाय. ती काय इझू देनार नाय. येवढ्या एका गोष्टीवर मी दर्या काढला."

काकीने पदर डोळ्यांना लावला आणि मग, चिडल्यासारखी, त्यांच्या हातातलं बर्फाचं पान हिसकावून घेतलं.

त्या काळी पास्काचा नवा अग्नी शनिवारी सकाळीच पेटवत. देवळाच्या दारात फादरांनी गारगोटीवर ठिणगी पाडली, मोठी मेणबत्ती लागली आणि तिच्यावरून काकांनी आमचा कंदील लावला. त्या सकाळी समुद्रावरून वारा असा सुटला होता की काका कंदील छातीशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, उलटे चालत घरी आले. काकी त्यांच्या पुढे सरळ चालत "डावीकडं, दगड हाय, उजवीकडं" असं सांगत होती. कुंपणाआडून कोणीतरी विचारलं, "इनास, बोटीतनं हेच आनला काय?" काका म्हणाले, "दुसरा काय आनू?" फ्रिजची वात त्या अग्नीने पेटली. आरशात निळी ज्योत उभी राहिली आणि आम्ही सगळे, बाबासुद्धा, ओळीने डोकावून ती बघत होतो.

रविवारी, देवळातल्या घंटा मोकळ्या झाल्यावर, काकांनी गार शहाळ्याचं पाणी प्यायलं. ग्लास खाली ठेवून त्यांनी आणखी मागितलं. काकीने उपास सोडला तो बर्फाच्या खड्याने. दातांतून कळ गेली तशी ती डोळे मिटून हसली. मग सवयीने भाजीवर शिंपडायला पाण्याचा तांब्या उचलला, आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो.

परवाच्या शुक्रवारी मी माझ्या फ्रिजचं बटण बंद केलं. घरातल्यांनी टॉवेल अंथरले. मी दार उघडून खुर्ची टाकून बसले. पहिला तुकडा पडला तेव्हा मी टाळी वाजवली. सून येऊन शेजारी बसली. आमच्या बर्फात काहीच नव्हतं, अगदी स्वच्छ काचेसारखा. मला थोडं वाईट वाटलं. मग मी तिला काकीची ही सगळी गोष्ट सांगितली, आणि पावसाळ्याआधी काका परत बोटीवर निघाले त्या सकाळचीही.

बैलगाडी दारात उभी होती. काकांनी ट्रंक चढवली, आरशात एकदा डोकावले आणि काकीला म्हणाले, "बत्ती ठेव."

"ठेवीन," काकी म्हणाली. "पन दर गुड फ्रायडेला इझवीन. तवाच तुमी घरी येता."